उभ्या धानात नांगर

बत्तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा नकाशा काढून भिलाईच्या जागी टिंब दिले की त्यापुढे मी न चुकता एकच शब्द लिहीत असे: पोलाद. परीक्षेत जोड्या लावायला हा प्रश्न हमखास असे आणि अगदी मागच्या बाकावरचा विद्यार्थीही त्याचा गुण मिळवी. उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तरही किती अपुरे असू शकते, हे या पावसाळ्यात पंधरवडाभर तिकडे राहून आल्यावर मला समजले. ज्यांचे त्या बाजूला जाणे झालेले नाही अशा वाचकांसाठी ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझी मावसबहीण सुनंदा लग्न होऊन भिलाईला गेली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. तिचे यजमान वामनराव मूळचे भंडारा जिल्ह्यातले. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी नोकरी केली आणि सेवानिवृत्तीनंतर उतई गावाजवळ दीड एकर धानाची जमीन घेतली. शेतकऱ्याचा मुलगा कारखान्यात गेला आणि पुन्हा शेतात आला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु जून महिन्यात सुनंदाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "ताई, या वर्षी याच. पुढच्या वर्षी शेत राहील का नाही, सांगता येत नाही." मी कऱ्हाडहून निघाले ती हे वाक्य मनात घेऊन.

कॅम्प-१

सुनंदाचे घर कॅम्प-१ या जुन्या वस्तीत आहे. कारखाना उभारायला देशभरातून आलेल्या कामगारांची ही वसाहत. तिचे तात्पुरते नाव कायमचे झाले. घरे एकमेकांना इतकी चिकटून आहेत की एका घरातल्या फोडणीला तीन घरांत शिंका येतात. मल्याळी, तेलुगू, पंजाबी, भोजपुरी आणि आपल्याकडची मराठी एकाच गल्लीत ऐकू येतात. मराठी बहुतेक नागपूरकडची, रेल्वेत आणि कारखान्यात नोकरीला आलेल्या कुटुंबांची. तीही घराच्या उंबऱ्याच्या आतच. उंबऱ्याबाहेर सगळे हिंदी.

पहिल्याच दिवशी जेवताना सगळा प्रकार उलगडला. सुनंदाने तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे केले होते. आपल्या मुटक्यांना तीळ-मिरचीची फोडणी दिली तर जसे लागतील तसे ते लागतात.

"दोन वर्षं यांनी पऱ्हे टाकले," सुनंदा म्हणाली. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. "लेकीसारखे वाढवले. लावायची वेळ आली का पाऊस गायब. पऱ्हे वाफ्यातच म्हातारे झाले."

"थट्टा कावून करून राहिली तू?" वामनराव म्हणाले. "ताई, आमच्या गावाले तलाव होता जी. पाट सोडला का बांधीत पाणी, पाणी आलं का रोवणी. इथं माह्या बांधीले ना तलाव, ना कॅनल. वर ढग हाच तलाव."

त्यांचे म्हणणे नीट ध्यानात घ्यावे: बांधी म्हणजे बांध घातलेले शेत, रोवणी म्हणजे रोपांची लावणी. भंडाऱ्याच्या बाजूला जुने तलाव आहेत, म्हणून तिथली रोवणी बिनघोर होते. उतईच्या परिसरातही काही शेतांना कालव्याचे पाणी मिळते, परंतु वामनरावांचे शेत उंचावर, कालव्याच्या हातापलीकडे आहे. त्यांनी जन्मगावची पद्धत तशीच उचलून आणली आणि तिच्यासोबत तलाव आणता आला नाही.

मागच्या वर्षी शेताच्या बांधावरून घसरून त्यांच्या पायाचे हाडही मोडले. तेव्हा पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा निखिल येऊन सहा आठवडे राहिला आणि जाताना बापाकडून शब्द घेऊन गेला: तिसऱ्या वर्षी धान घरात आला नाही, तर शेत प्लॉटवाल्याला द्यायचे. शेजारच्या तुकड्यावर प्लॉट पडलेच होते.

"पोरगं वाईट नाही बोललं," वामनराव म्हणाले. "पण शब्द देऊन बसलो ना. हे तिसरं वर्ष."

या वर्षी त्यांनी स्वतःचा हट्ट सोडला होता. शेजारी शेतकरी बिसाहू याच्या सल्ल्याने, इथल्या रिवाजाप्रमाणे, जूनमध्ये कोरड्या मातीतच धान फेकून पेरला होता. रोपे गुडघ्यापर्यंत आली होती. "आता बियासी झाली का निम्मी लढाई जिंकलो," ते म्हणाले. बियासी म्हणजे काय, हे मी विचारले. "नांगर फिरवते थोडा," एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा मला वाटले, कडेकडेने फिरवत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा मला बाजारात घेऊन गेली. बाजाराच्या एका टोकाला, रस्त्यावरच पोते अंथरून, बायकांची रांग बसली होती. सुनंदाची नेहमीची ठरलेली बाई सुकवारा. राजहराच्या खाणींच्या बाजूच्या जंगलातल्या गावाहून ती पहाटेच्या पॅसेंजरने येते. ज्या लोहमार्गाने खाणीतले लोहखनिज भिलाईला येते, त्याच मार्गाने ही जंगलाची टोपली येते, हे मला नकाशा काढणारीला फार आवडले. तिच्यासमोर खेखसी होती, म्हणजे आपली कर्टुली, आणि बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इथे करील म्हणतात. मी पिशवीतून वही काढून किलोचा भाव विचारला.

"एला तउलंय नहीं, दीदी. कुढ़ी म बेचथन," सुकवारा म्हणाली. तोलत नाही, ढिगाने विकतो.

"एका ढिगात साधारण किती बसतात?"

तिने माझ्याकडे, मग सुनंदाकडे पाहिले. "ये दीदी मास्टरिन हे का?"

सुनंदा हसत सुटली. "बत्तीस वर्षं! अजून सुट्टी झाली नाही तिची."

वही मिटायची नाही असे ठरवून मी सुकवाराला वर्षाचे काम विचारले. तिने बोटांवर मोजत सांगितले: चैत्रात महुआची, म्हणजे मोहाची, फुले वेचायची, वैशाखात तेंदूची पाने तोडून त्यांची पुडकी बांधायची, ज्येष्ठात साल वृक्षाच्या बिया, पावसाच्या सुरुवातीला सालाखाली फुटणारी आळिंबी, आता खेखसी. "जंगल म बारो महीना बुता रहिथे," ती म्हणाली. बुता म्हणजे काम. जंगलात बारा महिने काम असते.

तेंदूपाने सरकारी व्यवस्थेमार्फत घेतली जातात. महुआ, चिंच, चारोळी, सालाच्या बिया अशा पुष्कळ वनोपजांनाही छत्तीसगड राज्याने किमान भाव ठरवून दिला आहे. सुकवाराच्या गावात बायकांचा गट हा माल गोळा करतो. तेंदूची पाने पुढे बिडीला जातात आणि त्यांतली कितीतरी आपल्याच महाराष्ट्रातल्या कामगार बायांच्या सुपात येऊन पडतात. सालाच्या बियांचे तेल होते, लाखेच्या बांगड्या होतात. राज्याचा निम्म्याच्या आसपास भूभाग जंगलाचा आहे. तो नकाशावर हिरव्या रंगाने रंगवताना मी मुलांना 'येथे लोकवस्ती विरळ' असे सांगत असे. त्या हिरव्या रंगात सुकवारा बारा महिने कामावर असते, हे सांगायचे राहून गेले.

उतईची वाट

तिसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस झाला. सकाळी वामनराव चहा अर्धा टाकून उठले. "चला, चला. पाणी थांबलं असन बांधीत. बिसाहू बैल घेऊन येऊन राहिला. उद्या हरेलीचा सण, उद्या नांगर चालत नाही. आज झाली तर झाली."

भिलाईतून बाहेर पडताना डावीकडे धुराडी मागे पडत जातात आणि एका वळणानंतर अचानक सगळे हिरवे होते. या हिरव्याला मोजमाप नाही. बांधांनी आखलेल्या लहान लहान चौकोनांत पाणी, पाण्यात धान, आणि प्रत्येक चौकोन खालच्या चौकोनापेक्षा वीतभर उंच. या राज्याला 'धान का कटोरा' म्हणतात. कटोरा एक नसून लाखो उथळ वाट्या एकीला एक लावून ठेवल्या आहेत, असे मला दिसले.

मध्येच हे चित्र तुटते. धानाच्या मधोमध चुन्याने आखलेले रस्ते, सिमेंटचे खांब, आणि फलकावर एखाद्या देवाच्या नावाची नगरी. वामनराव अशा प्रत्येक फलकाकडे बघून तोंड फिरवीत.

वाटेत मी मातीविषयी विचारले. इथले शेतकरी जमिनीला चार नावे देतात: मुरमाड ती भाठा, पिवळसर ती मटासी, मधली डोरसा, काळी ती कन्हार. कोणत्या मातीत पाणी किती दिवस टिकेल, हे त्या नावातच सांगितलेले असते. पाठ्यपुस्तकातला 'मृदेचे प्रकार' हा धडा इतका उपयोगी कधीच नव्हता. वामनरावांची जमीन मटासी. धानाला चांगली, पण पाणी फार दिवस धरत नाही.

येथे राज्याच्या उत्पन्नाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकडे मी मुद्दाम देत नाही, ते दरवर्षी बदलतात. खाणी आणि कारखाने राज्याच्या उत्पन्नात मोठा वाटा उचलतात, पण त्यांत हात थोडे लागतात. शेती आणि वने यांचा वाटा तुलनेने लहान दिसतो, पण त्यावर बहुसंख्य घरे चालतात. शिवाय तो वाटा शेतापाशी संपत नाही. हिवाळ्यात धान गावच्या सोसायटीत जाऊन सरकारी खरेदीत जमा होतो, तेथून गिरणीत जातो. कोंड्याचे तेल निघते, तूस भट्टीत जळते, मजूर, हमाल, ट्रकवाले, पोते शिवणारे सगळे त्यावर जगतात. जे घरच्या मडक्यात शिजते आणि जी भाजी बांधावरून खुडली जाते, त्यांची तर कोठे नोंदच होत नाही.

हरेलीच्या आदल्या दिवशी

बिसाहू साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको रमशीला त्याच्या वाट्याचेही बोलते. ती दोघे बैलजोडी आणि हलका लाकडी नांगर घेऊन आधीच पोचली होती. शेतात वीतभर पाणी, त्यात गुडघाभर उंचीचा दाट हिरवा धान.

बिसाहूने बैल थेट धानात घातले.

मी हे जसे पाहिले तसे सांगते. नांगराचा फाळ उभ्या पिकातून गेला. रोपे आडवी झाली, काही मुळासकट उपटून पाण्यावर तरंगू लागली, बैलांच्या खुरांखाली काही चिखलात गाडली गेली. दुसरे तास, म्हणजे नांगराची दुसरी ओळ, मग तिसरे तास. हिरव्या शेताचा गढूळ चिखल होऊ लागला. आपल्याकडे एखाद्याचे जनावर उभ्या पिकात शिरले तर दोन घरांत वर्षभर बोलणे बंद होते. इथे शेताचा मालक बांधावर उभा आणि शेजारी राजरोस पीक नांगरतो आहे.

वामनरावांना बियासी ठाऊक होती, दुसऱ्याच्या शेतातली. स्वतःच्या शेतात ती त्यांना पाहवेना. चौथ्या तासाला ते ओरडले, "बंद कर! लाइन बंद कर!"

मिलमध्ये लोखंडाची लाल सळई रुळावरून घसरली की असे ओरडायचे असते. बैलांना ते समजण्याचे कारण नव्हते. वामनराव तसेच पाण्यात उतरून बैलांसमोर उभे राहिले.

"हट बाबूजी, बइला के आघू म झन आ!" बिसाहू ओरडला. बाजूला व्हा, बैलांपुढे येऊ नका.

"अरे, उभं पीक मारून राहिला तू! माह्या बापानं कधी उभ्या धानात पाय नाही टाकला!"

"नई मरय. जर ह अउ खाल्हे जाही." मरत नाही, मूळ आणखी खाली जाते, एवढेच बिसाहू म्हणाला.

रमशीलाने मला बांधावर बसवून समजावले, आणि मी ते वहीत लिहून घेतले. फेकून पेरलेला धान दाट उगवतो आणि त्याच्यासोबत तणही उगवते. त्यात करगा नावाचा रानटी धान असतो. तो लहानपणी खऱ्या धानासारखाच दिसतो आणि ओळखू येत नाही. पाण्यात नांगर फिरवला की दाट रोपे विरळ होतात, तण चिखलात कुजते, माती मोकळी होते. नंतर पाण्यात उतरून, जिथे जागा रिकामी पडली तिथे दाट जागेतली रोपे हाताने नेऊन खोवायची. त्याला चलाई म्हणतात. रोवणीत ज्या कामाला सुरुवातीलाच पाणी लागते, ते इथले लोक पाऊस येईपर्यंत थांबवून ठेवतात. पावसाच्या भरवशावरच्या शेतीसाठी इतकी मोजून बसवलेली युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

पण वामनराव ऐकेनात. "बाबा, तेवढा तुकडा तरी सोड," म्हणत त्यांनी शेताच्या खालच्या अंगाचा एक तृतीयांश भाग नांगराविना ठेवायला लावला. बिसाहूने खांदे उडवले, उरलेले नांगरले आणि बैल हाकून स्वतःच्या दुसऱ्या शेताकडे निघून गेला. हरेलीच्या आत त्याचीही बियासी आटपायची होती.

त्यानंतरच्या चुकीत माझाही वाटा आहे. दुपारी तरंगणारी रोपे पाहून वामनराव म्हणाले, "ताई, रोवणीनंतर आमी पाणी कमी करतो. नाहीतर रोपटं मूळ धरत नाही. तुमी तर शिकलेल्या, तुमाले काय वाटते?"

मी विचार केला, आणि मला ते तर्कशुद्ध वाटले. "मुळांना हवा लागते," मी म्हणाले. वर्गात हे वाक्य मी अनेकदा उच्चारले होते. वामनरावांनी फावड्याने बांधाला एक लहानशी खाच पाडली. पाणी बारीक धारेने खालच्या नाल्याकडे जाऊ लागले. आम्ही समाधानाने घरी आलो.

हरेली

आषाढातली अमावास्या आपल्याकडे दिव्यांची. घरातले दिवे घासून, मांडून त्यांची पूजा करायची. वामनरावांच्या मूळ गावाकडे, म्हणजे विदर्भाच्या बाजूला, त्या दिवशी जिवतीची पूजा असते. छत्तीसगडात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तीच अमावास्या त्यांच्या श्रावणात पडते आणि तिला हरेली म्हणतात. दिवस एक, आणि तीन ठिकाणी तीन देव.

इथे पूजा अवजारांची. आम्ही तिघे सकाळीच बिसाहूच्या घरी गेलो. बिसाहूच्या अंगणात नांगर, कुदळी, विळे, आणि ज्याला हे लोक रांपा म्हणतात ते फावडे, सगळी धुऊन मुरमावर मांडली होती. रमशीलाने तांदळाच्या पिठाचे बोट ओढून प्रत्येकावर खूण केली होती आणि गुळाचे चिले, म्हणजे गोड धिरडी, नैवेद्याला ठेवले होते. दारावर कडुनिंबाची डहाळी. गावचा लोहार येऊन चौकटीत एक खिळा ठोकून गेला होता, घराचे रक्षण व्हावे म्हणून. राज्यातले सगळ्यांत मोठे लोखंडाचे काम जिथे चालते त्याच्या अर्ध्या तासावर, एका खिळ्याला इतका मान आहे.

"आज एला कोनो नई छुवय," रमशीला अभिमानाने म्हणाली. आज या अवजारांना कोणी हात लावत नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांची सुट्टी.

चिला तोंडात असतानाच बिसाहूचा शेजारी सांगत आला की वामनरावांच्या शेतातून पाणी धो-धो जाते आहे.

आम्ही सगळे धावलो. रात्री पुन्हा पाऊस झाला होता आणि आमच्या त्या लहानशा खाचेचा हातभर रुंद तोंडाचा पाट झाला होता. शेतात कालच्या निम्मेही पाणी नव्हते. नांगरलेल्या भागात तणाची मुंडकी वर डोकावत होती.

"मेड़ ल कोन फोर दिस?" बिसाहूने विचारले. बांध कोणी फोडला?

मी म्हणाले, "आम्ही दोघांनी."

"कारखाना के मनखे! पानी देखिस त निकाल दिस!" रमशीला कडाडली. कारखान्याचा माणूस, पाणी दिसले की काढून टाकतो. मग माझ्याकडे वळून, "अउ मास्टरिन घलो?" आणि मास्तरीणसुद्धा?

हे पाणी गेले की तण पुन्हा मूळ धरणार, आणि उपटलेली रोपे वाळणार. तिसरे वर्ष इथेच संपणार होते. वामनराव वळले. "मी तुह्या घरून फावडं आणतो."

बिसाहूने त्यांचा हात धरला. "आज रांपा नई उठय, बाबूजी."

"बिसाहू, माह्यं शेत जाऊन राहिलं ना! देव समजून घेईन."

बिसाहू रागावला नाही. त्याने धोतर वर खोचले आणि नाल्याच्या तोंडाशी गुडघे टेकले. "हाथ के पूजा नई होय हे. हाथ ले बांधबो." हातांची पूजा झालेली नाही, हातांनी बांधू.

मग पाच म्हाताऱ्या माणसांनी, त्यातल्या दोघींनी सणाची साडी नेसून, ते भगदाड हातांनी बुजवले. गवताची ढेकळे उपटायची, दाबायची, वर चिखल लिंपायचा. सुनंदाने चाळीस वर्षांत चिखलाला हात लावला नव्हता. ती सगळ्यांत आधी खांद्यापर्यंत माखली. माझी वही पाण्यात पडली आणि मातीच्या चार प्रकारांवरची सगळी टिपणे त्यांतल्या पिवळ्या प्रकारात विरघळून गेली. या लेखातली नावे मी नंतर पुन्हा विचारून घेतली आहेत.

बांध बुजला तरी गेलेले पाणी परत येणार नव्हते. बिसाहूने उभे राहून वर पाहिले. वरच्या अंगाला त्याचे स्वतःचे शेत होते, बियासी झालेले, काठोकाठ भरलेले. तो गेला आणि हातांनीच आपल्या बांधाची वरची ढेकळे सरकवली. त्याच्या शेतातले पाणी वामनरावांच्या शेतात उतरू लागले.

"अरे, तुह्या धानाले लागन ना ते," वामनराव म्हणाले.

"मोर म जादा हे. दू अंगुर दे देथंव." माझ्यात जास्त आहे, दोन बोटे देतो.

जास्त नव्हते. मटासी मातीत कोणाच्याच शेतात जास्त पाणी नसते, हे आदल्याच दिवशी मला शिकवले गेले होते. दोन बोटे पाणी उतरायला तास लागला आणि तेवढा वेळ बिसाहू आपल्या शेतातले पाणी खाली जाताना बघत उभा राहिला. मग त्याने आपला बांध पुन्हा दाबून टाकला. रमशीलाने घरून आदल्या दिवसाचा भात पाण्यात भिजवलेला, त्याला इथे बासी म्हणतात, कांदा आणि हिरव्या मिरचीसह आणला. आम्ही ओल्या कपड्यांनीच तो खाल्ला. पंचपक्वान्नाचा सण असतानाही मला त्या दिवशीच्या जेवणातला हाच घास आठवतो.

माझे परतीचे तिकीट दोन दिवसांनंतरचे होते. ते मी पुढे ढकलले. निकाल न पाहता निघून जाणे माझ्या स्वभावात नाही.

आठवा दिवस

आठवड्यात वामनराव रोज शेतावर गेले आणि रोज घरी येऊन "काही सांगता येत नाही" म्हणाले. आठव्या दिवशी त्यांनी मला आणि सुनंदाला सोबत नेले. बिसाहू आणि रमशीला दुसऱ्या शेतावरून परतताना बैल-नांगरासह तिथे थांबली होती.

शेत पाहून मी थांबले. नांगरलेला भाग उभा होता. आडवी झालेली रोपे ताठ, पाने गडद हिरवी, बुंध्याशी नवे फुटवे. तण कुजून त्याच पाण्यात मिसळले होते. खाली, नांगराविना राखलेला तुकडा मात्र पिवळसर आणि गच्च होता. धान कुठला आणि करगा कुठला, हे रमशीलालाही वाकून पाहावे लागले.

एकाच शेतात दोन प्रयोग शेजारी शेजारी मांडलेले. वर्गात इतके स्पष्ट उदाहरण मला कधी मिळाले नाही.

वामनरावांनी वाकून एक फुटवा हातात धरून पाहिला. मग म्हणाले, "बिसाहू, तो तुकडाही नांगरून टाक जी. नाही, थांब. मले दे."

त्यांनी नांगराची मूठ धरली. पहिले तास वाकडे गेले, दुसरे त्याहून वाकडे. रमशीला पोट धरून हसत होती. "बइला मन घलो पूछथें, ये कोन ए!" बैलही विचारताहेत, हा कोण? पण वामनराव उभ्या धानातून चालत होते आणि आता ओरडत नव्हते. तिसऱ्या तासाला बिसाहूने मूठ परत घेतली आणि आम्ही सगळे चलाईला उतरलो. दाट जागेतली रोपे काढायची, रिकाम्या जागी नेऊन अंगठ्याने खोवायची. दीड एकर हे क्षेत्रफळ किती मोठे असते, हे माझ्या कमरेला त्या दिवशी कळले.

पीक हाती आले असे मी म्हणणार नाही. पुढे भाद्रपदातला पाऊस आहे, कीड आहे, लोंबी भरायची आहे. परंतु पाण्यात उभ्या असलेल्या त्या पाच जणांपैकी कोणालाही ते शेत प्लॉट म्हणून डोळ्यांपुढे आणता आले नसते.

तेवढ्यात निखिलचा फोन आला. वामनरावांचे हात चिखलाचे, म्हणून सुनंदाने फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. निखिलचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"बाबा, त्या प्लॉटवाल्याचा परत फोन आला होता. हे तिसरं वर्ष आहे म्हणतो. काय सांगू त्याला?"

"त्याले म्हण, उद्या सकाळी ये." वामनरावांनी हातातले रोप चिखलात दाबले. "चलाईले माणसं कमी पडून राहिले."

निखिलने विचारले, "किती जण लागतात?"

वामनरावांनी मान वर करून आम्हां चौघांवर नजर फिरवली.

"पाच आहो," ते म्हणाले. "तू आला तर सहा."